ज्या गावाने सैनिकाचा पुतळा उभारला, त्याच गावाने तो रातोरात पाडून पुरला!

अमेरिकेत गृहयुद्धाच्या पुतळ्यांवरून वाद झाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते पुतळे पाडा, दुसरी म्हणते हात लावू नका. पण जॉर्जिया राज्यातल्या एल्बर्टन या छोट्या गावात भलतंच घडलं होतं. तिथे पुतळा विरोधकांनी नाही, तर गावकऱ्यांनीच पाडला.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं गृहयुद्ध झालं. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतल्या ११ राज्यांनी फुटून 'कॉन्फेडरेट' नावाचं वेगळं राष्ट्र जाहीर केलं होतं. जॉर्जिया त्यातलंच एक. या युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले आणि दक्षिण हरली.

पुढे तीसेक वर्षांनी दक्षिणेतल्या गावोगावी आपल्या सैनिकांची स्मारकं उभी राहायला लागली. एल्बर्टनही मागे राहिलं नाही. गावाच्या आसपास ग्रॅनाइट भरपूर होता. पुतळा घडवायचं काम आर्थर बेटर या इटालियन कारागिराकडे गेलं आणि १८९८ च्या जुलैमध्ये गावच्या चौकात पुतळ्याचं अनावरण झालं.

पडदा बाजूला झाला आणि लोकांचा हिरमोड झाला.

पुतळा बुटका, जाडजूड आणि मोठ्या मिशांचा होता. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे त्याचा लांब कोट आणि टोपी. हा आपला सैनिक नाही, हा तर उत्तरेचा शत्रू वाटतो, असं गावकऱ्यांचं म्हणणं पडलं. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांना 'डच' म्हणायची पद्धत होती, त्यावरून पुतळ्याचं नाव पडलं 'डची'. कुणी तर त्याची तुलना थेट पाणघोड्याशी केली.

दोन वर्षं डचीने टोमणे सहन केले. १४ ऑगस्ट १९०० च्या रात्री लोकांनी त्याला खाली खेचलं. पाय तुटले. मग चौकातच खड्डा खणून त्याला पालथा पुरण्यात आलं.

तो तिथे ८२ वर्षं पडून होता. १९८२ मध्ये त्याला बाहेर काढलं, अंगावरची लाल माती धुवायला चक्क गाड्या धुण्याच्या सेंटरमधून फिरवलं आणि गावच्या ग्रॅनाइट म्युझियममध्ये ठेवलं. आजही तो तिथे उताणा पडलेला आहे.

गंमत म्हणजे याच पुतळ्यासाठी गावात ग्रॅनाइट घडवण्याची पहिली शेड उभी राहिली होती. आज एल्बर्टन स्वतःला 'जगाची ग्रॅनाइट राजधानी' म्हणवतं.

बरं, सैनिक खरंच इतके वेगळे दिसायचे का? कनेक्टिकटमधली मॉन्युमेंटल ब्राँझ ही कंपनी जस्ताचे तयार सैनिक दोन्ही बाजूंना विकायची. चेहरामोहरा जवळपास तोच. उत्तरेच्या पट्ट्यावर 'यूएस', दक्षिणेच्या पट्ट्यावर 'सीएस'. म्हणजे कित्येक गावांत शत्रूचाच जुळा भाऊ चौथऱ्यावर उभा होता आणि लोक त्याला फुलं वाहत होते.

एल्बर्टनमध्ये भांडण झालं ते कोट, टोपी आणि मिशांवरून. हे युद्ध कशासाठी लढलं गेलं, हा प्रश्न बाजूलाच राहिला. १८६० मध्ये जॉर्जियाची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले साडेचार लाखांहून जास्त लोक गुलाम होते. पुतळे उभे राहत होते त्याच काळात दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला जात होता. चौकात कुणाचा पुतळा असावा, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

२०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली आणि २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलमध्ये हिंसाचार झाला. त्यानंतर हा प्रश्न उघडपणे विचारला जायला लागला आणि अनेक शहरांतले पुतळे हटले. पुतळे हटवले तर इतिहास पुसला जातो, असं तेव्हा अनेकजण म्हणत होते.

डचीचं उदाहरण मात्र वेगळंच सांगतं. तो ८२ वर्षं जमिनीखाली होता, तरी त्याची गोष्ट गाव विसरलं नाही. उलट चौथऱ्यावर उभा होता तेव्हापेक्षा आज आडवा पडलेला डची जास्त इतिहास सांगतो.