पैसे नकोत, नाव राहू द्या

यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, आपण काढतो ती ‘झेरॉक्स’च. हा किस्सा मूळ झेरॉक्स कंपनीतला, तिची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसांचा.

१९८० च्या दशकात कंपनीच्या पालो आल्टो इथल्या पार्क संशोधन केंद्रातले ज्युलियन ऑर हे या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर त्यांचं काम बघत हिंडू लागले. कंपनीचा हिशेब सरळ होता: एरर कोड बघा, मॅन्युअल उघडा, सांगितलेला पार्ट बदला. पण एके ठिकाणी कोड एक सांगत होता आणि यंत्र वागत होतं भलतंच. तंत्रज्ञ अडला. मदतीला आलेला तज्ज्ञही अडला. मग दोघं यंत्राशी खटपट करत जुन्या बिघाडांच्या हकिगती एकमेकांना सांगत राहिले. तासन्‌तास. त्या हकिगती जुळवता जुळवताच खरा दोष हाती लागला. जेवणाच्या टेबलावरही त्यांचं हेच चाले. वरून बघणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटला असता. मला विचाराल तर कंपनीची खरी शाळा तिथेच भरत होती.

पुढे पार्कमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांनी दोष शोधून देणारी एक्स्पर्ट सिस्टिम बांधली. तंत्रज्ञांना ती आवडली, पण कामाची वाटली नाही. ठरावीक बिघाड त्यांना पाठच होते. नडत होते ते कुठल्याच पुस्तकात नसलेले.

तेव्हा संशोधकांनी मोहरा तंत्रज्ञांच्याच हकिगतींकडे वळवला. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये युक्त्यांची देवाणघेवाण करणारी ‘युरेका’ ही यंत्रणा सुरू झाली, तीही तिथे घरोघरी पोचलेल्या मिनिटेल या फोनलाइनवरच्या माहितीसेवेवर. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती पडताळायची, मगच ती सगळ्यांना दिसायची. युक्तीमागे पैसे द्यावेत का, हा प्रश्न निघाला, तेव्हा तंत्रज्ञांनीच नको म्हटलं. पैसे आले की टिपांचा नुसता ढीग होईल, ही त्यांची भीती. त्यापेक्षा टिपेखाली लिहिणाऱ्याचं नाव राहू द्या. हे वाचलं तेव्हा मी थांबलोच. कारागिराला आपल्या बरोबरीच्यांनी ओळखावं, एवढंच हवं असतं.

ब्राझीलमध्ये एका ग्राहकाचं महागडं रंगीत यंत्र काही केल्या नीट होईना. बदलून नवं द्यायची वेळ आली. तिथल्या तंत्रज्ञाने युरेका उघडली. कॅनडातल्या माँट्रियलच्या एका तंत्रज्ञाची टीप निघाली. बिघाड होता किरकोळ किमतीच्या फ्यूज होल्डरमध्ये.