नळाचे पाणी उलटे फिरते तेव्हा

तोटी फिरवली की पाणी येते. परंतु ते कशाच्या बळावर येते, याचा विचार आपण क्वचितच करतो. पाणी अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. एवढा एक नियम ध्यानात ठेवला, तर घरातील पाण्याची पुष्कळशी कोडी उलगडतात.

गच्चीवरील टाकीचेच उदाहरण घ्या. टाकीतील पाण्याची पातळी तोटीपेक्षा दहा मीटर उंच असेल, तर बंद तोटीशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब पडतो. टाकी लहान की मोठी, याला येथे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते उंचीला. म्हणूनच तळमजल्यावर धार जोराची पडते आणि वरच्या मजल्यावर ती मंदावते.

आता पंपाकडे वळू. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तो नळीतील दाब तेवढा कमी करतो; पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो, हा विचार इटलीतील शास्त्रज्ञ तोरिचेल्ली यांनी १६४४ साली एका पत्रात मांडला होता. या हवेचा दाब सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याएवढाच असल्याने, वर बसवलेला पंप त्याहून खोल विहिरीतील पाणी शोषून घेऊ शकत नाही.

हाच नियम कधी घातक ठरतो. पाणी कमी येते म्हणून काही घरांत सार्वजनिक नळालाच पंप जोडतात. त्यामुळे जलवाहिनीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला आणि जवळपास एखादा सांधा गळका असला, तर भोवतालचे गटाराचे पाणी आत शिरते. ते शेजाऱ्याच्या घरी जाते, तसेच आपल्याही. बादलीत बुडालेली रबरी नळीही अशीच फसवते. पुरवठा बंद होऊन वाहिनी रिती होऊ लागली, की बादलीतील साबणाचे पाणी उलटे नळात जाऊ शकते.

ओडिशातील पुरी शहरात २०२१ साली चोवीस तास पिण्यायोग्य पाणी नळाने देण्यास प्रारंभ झाला. अशा अखंड पुरवठ्याचा मोठा लाभ हा, की वाहिनीत सदैव दाब राहतो. गळती झालीच तर पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही.

जेथे पाणी ठरावीक वेळीच येते, तेथे आपण एवढे अवश्य करावे: पंप नळाला न जोडता जमिनीखालील टाकीला जोडावा, रबरी नळीचे टोक बादलीच्या काठाच्या वर ठेवावे, प्रारंभीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, आणि शंका आल्यास पाणी उकळून घ्यावे. तोटी आपापल्या घरात असली, तरी जलवाहिनी सर्वांची एकच असते.