बंद घरावरचं ऊन

रत्नागिरीत हल्ली लग्नाच्या पंगतीतही प्रश्न येतो, "सोलर बसवलात? पैसे किती वर्षांत फिटतात?" उत्तर देणारा आधी उन्हाचं कौतुक करतो. माझ्या मते त्यानं आधी घरातलं विजेचं बिल काढावं.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो. 101 ते 300 च्या टप्प्यात तो जवळपास दुप्पट होतो, पुढे आणखी चढतो. सोलर आधी वरचे महागडे युनिट खातो, म्हणून बिल जितकं जड तितका फायदा मोठा. महिन्याला 300 युनिट जाळणारं घर घ्या. 3 किलोवॅटचा संच समजा 1 लाख 90 हजारांना पडला. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान 78 हजार, म्हणजे खिशातून 1 लाख 12 हजार. महिन्याला अडीच-तीन हजार वाचले तर तीन-चार वर्षांत पैसे वसूल. एफडीत हे होत नाही. पण 80 युनिटांत भागवणाऱ्या घराला 1 किलोवॅटवर 30 हजार अनुदान मिळालं, तरी महिन्याकाठी वाचतात जेमतेम पाचशे.

आणि चाकरमान्याचं घर? शिमग्याला उघडतं, मे महिन्यात उघडतं, गणपतीला उघडतं, एरवी कुलूप. तिथली वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जमा होत राहते आणि 31 मार्चला उरलेले युनिट स्वस्तात निघतात. एक मात्र कोकणाच्या पथ्यावर पडतं. हिशेबाचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हाचे शिल्लक युनिट जून-जुलैच्या काळोख्या बिलात वळते होतात.

आता खर्चाची दुसरी बाजू, जी दरपत्रकात नसते. आमच्या काकांच्या स्लॅबवर ठेकेदारानं साधे लोखंडी अँगल रंग फासून बसवले होते. समुद्र हाकेच्या अंतरावर. दुसरा पावसाळा सरेपर्यंत बोल्टांच्या बुडातून तांबूस ओघळ भिंतीवर उतरले आणि अख्खा सांगाडा बदलावा लागला. चांगल्या गॅल्वनाइज्ड सांगाड्याचे पैसे आधीच मोजले असते, तर वर्षभराची बचत अशी वाहून गेली नसती.

मग सावली. परसातल्या हापूसच्या कलमाची एक फांदी दुपारनंतर एका पॅनेलवर येते. साध्या इन्व्हर्टरवर पॅनेलं रांगेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की साऱ्या रांगेची वीज घटते. काकांनी कोयता काढला, तर काकी आडवी आली. "त्या फांदीला चार डझन आंबे लागतत. तुमचा सोलर तेवढे देणार काय?" हिशेब तिचाच बरोबर होता. पॅनेल सरकवलं, फांदी राहिली.

शेजाऱ्यांना सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं ते पावसाळ्यात. बाहेरची लाईट गेली की सोलरवाल्याच्या घरातही अंधार! खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरी हवी तर खर्च वेगळा, आणि तो बिलातून फिटत नाही. पण जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या ज्या गावांत कित्येक दिवस वीज आली नाही, तिथल्या माणसांशी बॅटरीच्या परताव्यावर वाद घालायला मी जाणार नाही.

काकांनी बॅटरी घेतली नाही. आगोटीच्या तयारीत काकी अजूनही कंदिलाची काच राखेनं पुसून ठेवते.