स्वमग्न मूल आणि नैराश्यावरची गोळी

काही वर्षांपूर्वी एक दांपत्य आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या इंदूरच्या दवाखान्यात आले. सोबत आजीही होत्या. मुलगा स्वमग्न, बोलणे जवळजवळ नाहीच. डबीची झाकणे तासन्‌तास फिरवणे हा त्याचा छंद. पण अलीकडे तो स्वतःच्याच गालावर मारून घेऊ लागला होता. आजी कळवळून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, काहीतरी द्या हो. पोराचा गाल बघवत नाही." मी फ्लुओक्सेटिन लिहून दिले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुलाची झोप उडाली, धावपळ वाढली. गालावरचा हात मात्र थांबला नाही. पुढे दंतवैद्यांनी किडलेली दाढ काढली, तेव्हा तो थांबला. ती चिठ्ठी माझ्या हातची होती, म्हणून हा लेखप्रपंच.

नैराश्यावरच्या औषधांकडे आपण वळलो, ते अगदीच निराधार नव्हते. काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिन अधिक असते, हे १९६१ मध्येच नोंदवले गेले होते. शिवाय तीच ती कृती पुन्हा पुन्हा करण्याची ओढ मंत्रचळाच्या विकाराशी मिळतीजुळती वाटते, आणि त्या विकारात ही औषधे उपयोगी पडतात. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे.

हा पुरावा तपासणारा एक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ५ ते १७ वर्षांच्या १४९ मुलांपैकी काहींना १२ आठवडे सिटॅलोप्रॅम व उरलेल्यांना औषधविरहित द्रव देण्यात आला. सिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के मुले सुधारली. औषधविरहित द्रव घेणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्के! अस्वस्थ चळवळ, उतावीळपणा व निद्रानाश मात्र औषधाच्या गटात अधिक आढळले. २०१३ च्या कॉक्रेन समीक्षेलाही मुलांमध्ये या औषधवर्गाचा लाभ दिसला नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील १४६ मुलांवरचा फ्लुओक्सेटिनचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात प्रथमदर्शनी दिसलेला किंचित लाभ इतर घटकांचा हिशेब करताच ठाम उरला नाही. बरीच मुले प्रयोग अर्ध्यावर सोडून गेल्याने त्यावर फार भिस्तही ठेवता येत नाही.

व्यवसायबंधूंनी विचार करावा तो त्या ३४ टक्क्यांचा. 'माझ्या रुग्णांना गुण येतो' असे आपण प्रामाणिकपणे सांगतो. पण औषध नसतानाही तीनातले एक मूल सुधारलेले दिसत असेल, तर आपल्या अनुभवाचे वजन किती धरावे? पालक मूल फार बिघडलेले असताना आपल्याकडे येतात. काही आठवड्यांनी लाट आपोआप ओसरते आणि श्रेय चिठ्ठीला मिळते.

धोक्याचाही विचार हवा. विविध मानसिक विकारांसाठी ही औषधे घेणाऱ्या मुलांमध्ये आत्मघाती विचार वा वर्तन सुमारे ४ टक्के, तर औषधविरहित गटात २ टक्के आढळले. त्या प्रयोगांत आत्महत्या एकही झाली नाही. यावरूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये ठळक इशारा छापावयास लावला. आपल्या मनात काय चालले आहे हे जे मूल सांगूच शकत नाही, त्याच्या बाबतीत हा इशारा अधिकच गंभीरपणे घ्यावयास हवा.

मग ही औषधे वर्ज्यच का? तसे नाही. स्वमग्न मुलाला खरोखरीचे नैराश्य वा तीव्र चिंताविकार असू शकतो. तेव्हा बालमानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांना स्थान आहे. अशा वेळी मात्रा अल्प असावी, उद्दिष्ट एकच आणि आधी लिहून ठेवलेले असावे. फेरतपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवावी. त्या तारखेला गुण दिसला नाही, तर औषध क्रमाक्रमाने कमी करण्याचे धैर्यही आपण दाखवावे.

त्याआधी मात्र दात, कान, पोट, झोप व फिट यांची तपासणी व्हावी. शाळेत वा घरात काय बदलले, हे विचारावे. वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि पालकांचे प्रशिक्षण यांना वेळ लागतो, पण त्यांना पर्याय नाही.

पालकांना एक विनंती. हे वाचून चालू औषध स्वतः बंद करू नका. आपल्या डॉक्टरांना मात्र अवश्य विचारा : हे औषध नेमके कशासाठी, आणि उपयोग झाला नाही हे आपण केव्हा व कसे ठरवणार? त्या आजींनी मला हे विचारले असते, तर दाढ कदाचित आधी दिसली असती.