दुखत नसताना या

सकाळी ८.४५
आमच्या नवापूरच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी रांग लागलेली. इथल्या रेल्वे स्थानकातूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते, त्यामुळे रांगेत विसरवाडी-खांडबाऱ्याची माणसं असतात तशी उच्छल-सोनगडकडचीही. मी सिकलसेलचा समुपदेशक. रजिस्टर उघडून आज कोणाच्या गोळ्या संपतात ते बघायचं आणि जो येणार नाही असं वाटतं त्याच्या गावच्या आशाताईला फोन लावायचा, ही माझी पहिली कामं. दिवाळीच्या तोंडावर हे फोन वाढतात. ऊसतोडीच्या टोळ्या एकदा गुजरातेत उतरल्या की पुढे महिनोन्‌महिने गाठ पडत नाही.

९.३०
आश्रमशाळेची पोरं सरांबरोबर तपासणीला आलीत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे; २०४७पर्यंत हा आजार हटवायचा, असं उद्दिष्ट आहे. इथे ते काम एका बोटापासून सुरू होतं. लॅबवाले बोट टोचून थोडंसं रक्त नळीतल्या द्रावणात सोडतात, काही मिनिटं थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. मात्र पोरगा नुसता वाहक आहे की रुग्ण, हे नळी सांगत नाही. ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसवर कळतं, म्हणून शिरेतलं रक्त घेऊन पुढे पाठवतात. पक्का रिपोर्ट हाती येईपर्यंत आम्ही कुणाला रुग्ण म्हणत नाही. नुकतंच रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

१०.३०
डॉक्टरांची खोली. वजन, ताप, डोळ्यांचा पिवळेपणा, आणि मग पोटावर हात. प्लीहा वाढलीय का, हे डाव्या बरगडीखाली चाचपून कळतं. आज डॉक्टरांनी एका आईचा हात धरून तिच्या मुलाच्या पोटावर ठेवला आणि तिलाच चाचपायला लावलं. "पोट एकाएकी फुगलं आणि पोरगा पांढराफटक पडला, तर एक रात्रही भगताकडे काढू नका."
"पण डॉक्टरसाहेब, आता त्याला दुखतच नाही. मग गोळी कशाला?"
"गोळी चालू आहे म्हणून दुखत नाही, ताई."
दिवसभर आम्ही हेच एक सांगत असतो. हायड्रॉक्सीयुरियाच्या या गोळीमुळे गर्भातल्या बाळात असतं तसलं हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकायच्या कमी होतात. पण तिच्यामुळे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरू शकतात, म्हणून ठरलेल्या मुदतीत सीबीसी ही रक्ततपासणी हवीच. मूल हवं असेल त्यांनी ते आधी सांगावं. जोडीला फोलिक अ‍ॅसिडची गोळी, भरपूर पाणी आणि थंडीत अंगभर कपडे.

१२.००
साखरपुडा झालेलं जोडपं बसलंय, सोबत मुलाचे वडील. दोघांकडे वाहकाचं पिवळं कार्ड. रुग्णाचं कार्ड लाल असतं. मी खिशातली दोन नाणी काढून टेबलावर उडवतो. एक आईचं, एक बापाचं. दोन्ही छापे पडले तर मूल रुग्ण, एकच पडला तर वाहक, एकही नाही तर निरोगी.
"म्हणजे चार पोरांत एकच आजारी?" वडील विचारतात.
"तसं नाही, काका. प्रत्येक गरोदरपणात नाणी नव्याने उडतात. चारही निरोगी निघतील, नाहीतर पहिलंच आजारी निघेल."
लग्न मोडा, असं मी सांगत नाही. गरोदर राहिल्यावर लगेच या, गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयात होते, एवढं सांगतो. आणखी एक गोष्ट वडिलांकडे बघून सांगतो: दोष एकट्या मुलीचा नसतो. वाहक स्वतः आजारी नसतो, शेतातलं सगळं काम करतो.

२.१५
भात कापता कापता हातपाय धरलेला जवान पोरगा झोळीतून आणलाय. वेदना किती, हे त्यालाच विचारतात आणि त्यानुसार औषध देतात. सलाइन लागतं, ऑक्सिजन मोजला जातो. ताप असेल तर जंतुसंसर्ग शोधतात. नातेवाईक म्हणतात, "रक्त लावा." पण दुखलं की रक्त, असं नसतं. हिमोग्लोबिन त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा फार खाली गेलं किंवा छातीत, मेंदूत गुंतागुंत झाली, तरच ते चढवतात; उगाच दिलं तर रक्त दाट होतं. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं: यातलं काहीही दिसलं की घरी थांबायचं नाही.

४.००
कागदपत्रांची वेळ. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला प्रमाणपत्र मागता येतं. एसटीची सवलत, बोर्डाच्या परीक्षेतला जादा वेळ हे सगळं कागदावरच मिळतं. लाज वाटून कार्ड पत्र्याच्या पेटीत ठेवणारे यातलं सगळं गमावतात.

५.००
सकाळची ती आई गोळ्या घ्यायला थांबलीय. चार दिवसांनी टोळी बारडोलीकडे निघणार, पोरगाही सोबत.
"होळीपर्यंतच्या एकदम देऊन टाका ना."
सगळ्या देता येत नाहीत, मध्ये सीबीसी करावी लागते. पडाव कुठे पडणार, हे तिला ठाऊक नाही. ते मुकादम सांगेल. मी त्याचा नंबर लिहून घेतो, लाल कार्डाची आणि शेवटच्या रिपोर्टची झेरॉक्स तिच्या पिशवीत घालतो. पडाव कळला की जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव फोनवर सांगेन. तिने तिथे पोरगा हसत-खेळत असताना जायचंय, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतो.