हिरवी व्हॅन, पिवळी व्हॅन

साठच्या दशकातल्या इंग्लंडवरची एखादी मालिका चालू असते. गल्लीत टेलिफोनच्या खांबाला शिडी लावलेली असते आणि तिच्याजवळ एक बुटकी, गोल नाकाची व्हॅन उभी असते. जुन्या गाड्यांचे शौकीन लगेच नाव सांगतात : मॉरिस मायनर. नाव बरोबर असतं, पण तेवढ्याने गाडी ओळखली असं होत नाही. ही व्हॅन १९५३ पासून सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत जवळजवळ त्याच ठेवणीत बनत राहिली. ती कोणत्या खात्याची, कोणत्या सालची, आणि कथा घडते त्या दिवशी ती त्या गल्लीत असू शकली असती का, हे कळलं तरच ओळख पटली म्हणायची. टेलिफोन, गॅस, वीज अशा सेवांच्या गाड्यांच्या बाबतीत ठेवण आणि रंग या दोन गोष्टींवर सगळ्यात कमी विसंबावं, असं माझं ठाम मत आहे. बाजूवर रंगवलेलं नाव, नंबर प्लेट आणि बारीक सुटे भाग यांचा एकमेकांशी मेळ बसला, तरच ओळख पक्की.

रंगाचं म्हणणं आधी ऐकू, कारण त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये टेलिफोन पोस्टखात्याकडेच होते. तीच मायनर लाल असली की टपालाची, हिरवी असली की ‘पोस्ट ऑफिस टेलिफोन्स’ची. साठचं दशक सरता सरता टेलिफोनच्या गाड्या पिवळ्या झाल्या. तेव्हा १९६४ सालच्या कथेत पिवळी टेलिफोन व्हॅन दिसली तर ती चूकच. पण उलटा तर्क चालत नाही. नवा रंग ठरला म्हणून रस्त्यावरच्या सगळ्या हिरव्या गाड्या एका रात्रीत रंगवल्या जात नाहीत. १९७० च्या प्रसंगातली हिरवी व्हॅन चुकीची म्हणता येत नाही. शिवाय रंग हीच बदलायला सर्वांत सोपी गोष्ट. एखाद्या बेकरीची जुनी मायनर आठवड्याभरात टेलिफोन खात्याची होऊ शकते.

बाजूवरचं नाव त्याहून बोलकं, कारण संस्थांना जन्मतारीख असते. ब्रिटनमधला गॅसपुरवठा १९४९ मध्ये राष्ट्रीयीकृत होऊन बारा विभागीय मंडळांकडे गेला. लीड्सच्या बाजूला तो नॉर्थ ईस्टर्न गॅस बोर्डाकडे होता. ही मंडळं १९७३ मध्ये एकत्र होऊन ब्रिटिश गॅस कॉर्पोरेशन झालं. त्यामुळे १९६६ च्या गल्लीत ‘ब्रिटिश गॅस’ लिहिलेली व्हॅन आली, की गाडी कितीही जुनी असो, प्रसंग तिथेच फसला. ‘ब्रिटिश टेलिकॉम’ हे नाव तर १९८० चं.

मग येते नंबर प्लेट. १९६३ पासून ब्रिटनमध्ये नंबरच्या शेवटी वर्षाचं अक्षर येऊ लागलं : ए म्हणजे १९६३, बी म्हणजे १९६४, याप्रमाणे डी म्हणजे १९६६. १९६७ मध्ये अक्षर बदलण्याचा महिना जानेवारीवरून ऑगस्टवर नेला, म्हणून ई हे अक्षर जेमतेम सात महिने चाललं. प्लेटच खोटी लावली असेल तर, असं कुणी विचारेल. चित्रीकरणासाठी ती लावलीही जाते, आणि नेमकं तिथेच सुटे भाग साक्षीला येतात. टेलिफोन खात्याच्या सुरुवातीच्या मायनरना पुढचे मडगार्ड रबराचे होते आणि हेडलाइट त्या मडगार्डवर बेडकाच्या डोळ्यांसारखे वर बसवलेले. साध्या मायनरची दोन तुकड्यांची पुढची काच १९५६ मध्ये अखंड झाली. १९६८ पासून हीच व्हॅन ऑस्टिन नावानेही निघाली, तिची पुढची जाळी नागमोडी. डी प्लेटच्या व्हॅनला नागमोडी जाळी दिसली, की प्लेट आणि जाळी यांपैकी एक नक्की खोटं बोलते आहे.

यावर मोठा आक्षेप असा की ही नाटकं आहेत, दस्तऐवज नव्हेत. प्रेक्षक खून कुणी केला ते पाहतो, जाळी नव्हे. हे खरं आहे, आणि दिग्दर्शकाने त्यासाठी चित्रीकरण थांबवावं असं मी म्हणणार नाही. पण ‘हार्टबीट’ ही मालिका १९९२ ते २०१० अशी अठरा वर्षं साठच्या दशकातलं यॉर्कशायर दाखवत राहिली. इतकी वर्षं घराघरांत दिसलेला काळ लोकांच्या मनात खराच होऊन बसतो. ज्या तंत्रज्ञांनी त्या काळी तारा ओढल्या आणि गॅसची जोडणी केली, त्यांच्या कामाची खूण म्हणून पडद्यावर बहुतेकदा ही व्हॅनच उरते. ती बरोबर असावी, ही मागणी मला मोठी वाटत नाही.

ठेवणीवर विसंबू नये, हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली आपली अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती. नुसता आकार पाहून तिचं साल कोण सांगेल? गॅस आणि टेलिफोनवाल्यांची आवडती बेडफर्ड एचए व्हॅनही तशीच. ती ज्या व्हॉक्सहॉल व्हायवा मोटारीवरून घडवली, ती मोटार १९६६ मध्ये बंद झाली. व्हॅन मात्र १९८३ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती.