मृगाच्या आधी

२५ मे २०२५ रोजी बारामतीत एवढा पाऊस कोसळला, की पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. इंदापुरातही घरांत पाणी शिरलं. दुसऱ्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत पोचला. एरवीची तारीख ११ जून. विजेच्या कामांचं गणित मात्र वर्षानुवर्षं मृगाला बांधलेलं. फांद्या छाटणं, झोळ ताणणं, इन्सुलेटर बदलणं, सगळं ७ जूनच्या आत.

अशाच एका वळवानंतर मी महावितरणच्या दोन जनमित्रांबरोबर, म्हणजे लाइनमनबरोबर, इंदापूरकडच्या शिवारातून ११ केव्हीची लाइन पायी फिरलो. रात्री फीडर गेला होता. उपकेंद्रातून परत चालू केला, टिकला नाही. मग मधला एबी स्विच उघडून लाइनचे दोन तुकडे केले. अलीकडचा टिकला, म्हणजे दोष पलीकडे, उसात.

तार तुटली असती तर लांबून दिसली असती. इन्सुलेटरचं दुखणं मुकं. चिनी मातीची ती टोपी दिवसभर तापते, गार थेंब पडले की केसभर तडकते. चिरेत पाणी शिरलं की वीज लोखंडी आर्ममधून खांबात आणि खांबातून जमिनीत उतरते. ऊन पडून चीर सुकली की लाइन बिनतक्रार चालते, पुढच्या सरीला परत जाते.

“इन्सुलेटरवर काळा डाग दिसतोय का बघत चला,” थोरले म्हणाले. तासाभरानं तो त्यांनाच दिसला. मला दाखवूनही पटकन दिसेना.

लगेच वर चढले नाहीत. आधी उपकेंद्राकडून परमिट, मग डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंना अर्थिंग. बंद आहे असं कुणी सांगितलं, एवढ्यावर तारेला हात लावायचा नाही, हे धाकट्याला त्यांनी माझ्यासमोर पुन्हा बजावलं. धाकटा पट्टा बांधून चढला, बाइंडिंग सोडलं, तार उचलून बाजूला घेतली आणि पॉलिमरचा नवा इन्सुलेटर बसवला. तो हलका, आणि उन्हापावसात असा तडकत नाही. जुना माझ्या हातात दिला. नख फिरवलं तेव्हा कुठं चीर लागली. एवढ्याशा चिरेपायी रात्रभर गावं अंधारात होती.

भूमिगत केबल शहरात ठीक. इथल्या मैलोन्‌मैल उसातून ती घालणं फार खर्चाचं. म्हणून खांब, तारा आणि या माणसांचे पाय हेच मला वादळाविरुद्धचं खरं बळ वाटतं, आणि त्यांना वेळेवर सामान व हाताशी माणसं मिळायलाच हवीत.

परतताना लघुदाबाच्या तारांचा एक झोळ लागला. वाऱ्यात अशा तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि वाळल्या पाचटासकट ऊस पेटतो. दोन तारांमध्ये स्पेसर होते, तरी मध्ये एक खांब हवाच होता. ८ मीटरच्या खांबाचा सहावा भाग जमिनीत जातो, आणि काळं रान भिजलं की खड्ड्याच्या कडा ढासळतात.

“पुढच्या साली एप्रिलातच खड्डे घेऊ,” थोरले म्हणाले. “मे आता आपला राहिला नाही.”

धाकट्यानं बुटाच्या टाचेनं जागा खुणावली. मऊ मातीत टाच घोट्यापर्यंत रुतली.